अजिंक्य असण्यांत मौज कीं झुंजण्यांत?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या मित्रमंडळींत एका प्रश्नावरून मोठा वाद माजला. प्रश्न दिसावयास क्षुल्लक होता. व्हिडिओ गेम खेळतांना आपण सर्वांहून बलाढ्य, कोणासहि न आटोपणारे असावें यांत अधिक आनंद आहे, कीं आपल्या तोडीच्या अथवा आपल्याहून वरचढ शत्रूशीं झुंजत, पडत, उठत पुढें जाण्यांत अधिक आनंद आहे? मंडळींत लागलीच दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, "सकाळीं शिक्षक, दुपारीं परीक्षा आणि सायंकाळीं वडील, अशा तिहेरी सत्तेखालीं आमचा दिवस जातो, निदान पडद्यावर तरी अर्धा तास आम्हांस राजा होऊं द्या." दुसरा पक्ष म्हणाला, "जेथें हरण्याची भीति नाहीं तेथें जिंकण्याची गोडी कोठून येणार?" फराळाचीं ताटें रिकामीं झालीं, पण वाद कांहीं मिटला नाहीं. अखेर निवाडा आम्हीं लिहून काढावा असें ठरलें, आणि म्हणून वार्षिकाचीं हीं चार पानें आम्ही त्यास देत आहों.

कित्येक वडीलधाऱ्या वाचकांस वाटेल कीं, शाळेच्या वार्षिकांत असल्या विषयास जागा कशाला? त्यांस आमचें नम्र उत्तर असें आहे कीं, माणूस कामांत जितका कळतो त्याहून खेळांत अधिक कळतो. विटीदांडूच्या एका डावांत कोण रडीचा, कोण दिलदार, हें जसें उघडें पडतें, तसेंच पडद्यावरच्या खेळांतहि पडतें. शिवाय या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक जुना प्रश्न दडलेला आहे: माणसास शक्ति हवी असते ती कशासाठीं? तेव्हां विषय पोरकट आहे म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये, इतकीच विनंति.

वादास आरंभ करण्यापूर्वीं शब्दांचा अर्थ ठरवून घेणें बरें. हल्लीचे खेळाडू एखाद्या पात्रास किंवा शस्त्रास 'ओपी' म्हणतात. समोरच्या अडचणीच्या मानानें ज्याचें बळ बेसुमार अधिक, जो एका फटक्यासरशीं दहा शत्रू लोळवितो आणि ज्याच्या अंगावर ओरखडाहि उमटत नाहीं, तो ओपी. याच्या उलट दुसरा प्रकार, जेथें प्रत्येक पाऊल जपून टाकावें लागतें आणि एका चुकीसरशीं सारा डाव हातचा जातो. बहुतेक खेळ या दोन टोकांच्या मध्यें कोठें तरी असतात.

या खेळांचा इतिहास पाहिला तर प्रारंभापासूनच हीं दोन्ही टोकें एकमेकांस ओढतांना दिसतात. १९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ निघाला. तोमोहिरो निशिकादो यांनीं तो रचिला. आकाशांतून ५५ शत्रूंच्या रांगा खालीं उतरत येतात आणि खेळणाराजवळ एकच तोफ असते. गंमत अशी कीं, शत्रू जसजसे कमी होत जातात तसतशी उरलेल्यांची चाल जलद होते. याचें मूळ कारण यंत्राच्या दुबळेपणांत होतें. इतक्या आकृति हलवितांना तें मंदावत असे, आणि ओझें कमी झालें कीं धांवूं लागे. निशिकादो यांनीं हा दोष काढून टाकला नाहीं, कारण त्यामुळेंच खेळास रंग चढत होता. जिंकत आलेल्या माणसास अधिकच पेंचांत धरावयाचें, ही रीति तेथपासूनची आहे.

दोनच वर्षांनीं, १९८० सालीं, नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. चक्रव्यूहांत सांपडलेला एक पिवळा गोळा ठिपके खात पळतो आणि ४ भुतें त्याच्या पाठीस लागतात. त्याच्या हातीं ना शस्त्र ना ढाल. परंतु व्यूहाच्या कोपऱ्यांकडे ४ मोठ्या गोळ्या ठेविलेल्या असतात. त्यांतील एक गिळतांच भुतें निळीं पडतात, उलट पळूं लागतात, आणि शिकार तोच शिकारी होतो! पॉपाय या चित्रकथेंतील खलाशी पालकाची भाजी खाऊन बलवान होतो, त्यावरून ही कल्पना सुचली असें इवातानी यांनीं सांगितलें आहे. पहिल्या पायरीवर हें सामर्थ्य सुमारें ६ सेकंद टिकतें. पुढच्या पायऱ्यांवर ही मुदत घटत जाते व अखेर नाहींशी होते. हीं ६ सेकंदें वाचकांनीं लक्षांत ठेवावीं. पुढें आम्हांस तीं पुन्हां लागणार आहेत.

आतां शक्तिपक्षाची बाजू आम्ही शक्य तितक्या प्रामाणिकपणें मांडतों. कोनामी कंपनीचा 'ग्रेडियस' हा विमानयुद्धाचा खेळ घरगुती यंत्रासाठीं तयार करीत असतां काझुहिसा हाशिमोतो या रचनाकारास तो स्वतःलाच खेळतां येईना. तपासणी तर करावयाची होती. तेव्हां त्यानें एक गुप्त खूण घातली: वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, आणि मग बी व ए हीं बटणें. एवढें दाबलें कीं विमानास सर्व शस्त्रें एकदम मिळत. ही खूण तशीच राहून गेली आणि १९८६ सालीं खेळाबरोबर घरोघर पोंचली. पुढें १९८८ सालच्या 'कॉन्ट्रा'मध्यें तीच खूण ३ जिवांचे ३० जीव करूं लागली. १९९३ सालच्या 'डूम'मध्यें कांहीं अक्षरें टंकिलीं कीं खेळणारा अवध्य होई. या अवस्थेस 'गॉड मोड' असें नांव पडलें, त्यावरून तिचा डौल ध्यानांत येईल. आमच्याकडे तर सायबर कॅफेंच्या दिवसांत 'व्हाइस सिटी' हा वास्तविक प्रौढांसाठीं असलेला खेळ मुलांनीं डोक्यावर घेतला होता. 'पँझर' हा शब्द टंकतांच आकाशांतून रणगाडा समोर पडे. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेणारे आज स्वतः आईबाप झाले आहेत. वर्गांतील पाढे विसरले असतील, पण तो शब्द विसरला असेल असें वाटत नाहीं.

बरें, ही केवळ चोरवाटेची आवड म्हणावी, तर तसेंहि नाहीं. २००० सालीं कोएई कंपनीनें 'डायनॅस्टी वॉरियर्स २' काढला. चीनच्या तीन राज्यांच्या काळांतील एक वीर रणांगणांत शिरतो आणि शेंकडों सैनिकांस झोडपीत सुटतो, हेंच त्याचें सारें स्वारस्य. या प्रकारास जपानांत 'मुसोउ', म्हणजे ज्यास जोड नाहीं असा, हें नांव आहे, आणि त्याचे चाहते अनेक देशांत आहेत. याहून ठळक उदाहरण 'व्हँपायर सर्व्हायव्हर्स' या लहानशा खेळाचें. लुका गॅलांटे या इटालियन रचनाकाराचा हा खेळ २०२२ सालीं पूर्ण रूपांत आला. खेळणाऱ्यानें फक्त इकडेतिकडे फिरावयाचें. शस्त्रें आपोआप चालतात. शेवटीं शेवटीं तर पडदाभर राक्षस वाळवीसारखे पसरतात व आपल्या तेजानें जळून जातात. त्याच वर्षीं फेब्रुवारींत 'एल्डन रिंग' हा हिदेताका मियाझाकी यांचा अतिशय कठिण खेळ निघाला होता आणि सुमारें वर्षभरांत त्याच्या २ कोटींवर प्रती खपल्या. डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंतील 'गेम ॲवॉर्ड्स'नें वर्षांतील सर्वोत्तम खेळाचा मान 'एल्डन रिंग'ला दिला. मार्च २०२३ मध्यें ब्रिटनच्या 'बाफ्टा'नें तोच मान 'एल्डन रिंग'ला डावलून 'व्हँपायर सर्व्हायव्हर्स'ला दिला. जाणत्या परीक्षकांचेंहि ज्यांत एकमत होत नाहीं, तेथें आमच्या मित्रांनीं फराळ संपेपर्यंत भांडावें यांत नवल तें काय?

आतां आमची स्वतःची साक्ष. आमच्या मामांकडे दूरदर्शनास जोडावयाचा एक जुना कॅसेटचा खेळ आहे. त्यांत 'कॉन्ट्रा' आहे. तिसऱ्या पायरीवर एक धबधबा लागतो. उड्या मारीत वर चढावयाचें, आणि पाय चुकला कीं कपाळमोक्ष. ३ जिवांत त्या धबधब्याच्या पलीकडे आम्ही कधीं गेलों नव्हतों. मग एके दुपारीं ती खूण आमच्या कानीं आली. ३० जीव हातीं येतांच आम्ही सारा खेळ एका बैठकींत संपविला व घरभर नाचलों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां संपविला. तिसऱ्या दिवशीं कॅसेट फळीवर गेली, ती अद्याप तेथेंच आहे. मामांनीं लहानपणीं एक अख्खी मे महिन्याची सुटी खर्ची घालून ३ जिवांत तो खेळ पार केला होता. त्या धबधब्यावर कोणता दगड कोठें आहे आणि कोणत्या क्षणीं कोणत्या बाजूनें गोळी येते, हें ते आजहि डोळे मिटून सांगतात. आम्ही त्याच धबधब्यावरून गेलों, पण आम्हांस त्यांतील एकहि दगड आठवत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, एका कॅसेटवरून एवढा मोठा सिद्धान्त काढूं नये. मान्य आहे. म्हणून दुसरें उदाहरण यंत्राबाहेरचें देतों. तें प्रत्येक मराठी वाचकाच्या अंगणांतलें आहे. मोठ्या मुलांच्या खेळांत एखादें चारपांच वर्षांचें पोर लुडबुड करूं लागलें कीं त्यास 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. लिंबूटिंबू कधीं बाद होत नाहीं. त्यास कोणी पकडलें तरी तें पकडणें नव्हे, आणि त्यावर राज्य येत नाहीं. विचार केला तर 'गॉड मोड' तो हाच, आणि तो आपल्याकडे 'डूम'च्या फार पूर्वींपासून आहे! गेल्या मे महिन्यांत आजोळीं लपंडाव चालला असतां आमच्या धाकट्या मामेभावास असेंच लिंबूटिंबू केलें होतें. पहिला अर्धा तास स्वारी खुशींत होती. ती वाटेल तेथें उभी राही, ओरडे, आणि कोणाची भीति नाहीं म्हणून टाळ्या पिटी. मग हळूहळू तिचा चेहरा उतरत चालला. आपण लपलों काय आणि न लपलों काय, कोणास कांहींच वाटत नाहीं, हें त्या एवढ्याशा जिवाच्या ध्यानांत आलें. तो चिंचेखालीं जाऊन बसला आणि भोकाड पसरून म्हणाला, "मला पण राज्य द्या!" ज्या राज्यास चुकविण्यासाठीं आम्ही सर्व काटेकुटे तुडवीत पळत होतों, तेंच त्यास हवें होतें.

त्या रडण्यांत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. बर्नार्ड सूट्स नांवाच्या तत्त्वज्ञानें १९७८ सालच्या आपल्या ग्रंथांत खेळाची मोठी मार्मिक व्याख्या केली आहे. तिचा आशय असा कीं, ज्या अडचणींची गरज नाहीं त्या आपण होऊन अंगावर घ्यावयाच्या व त्यांतून पार पडावयाचें, याचेंच नांव खेळ. चेंडू खळग्यांत टाकणें एवढाच गॉल्फचा हेतु असता तर चेंडू हातांत घेऊन चालत जाणें सर्वांत सोपें. लगोरीचे दगड रचणें एवढेंच साधावयाचें असेल तर चेंडू फेंकणारा गडी समोर हवाच कशाला? अडचण काढून घेतली तर उरतात ते नुसते दगड. लिंबूटिंबूस दगड मिळतात, लगोरी मिळत नाहीं.

तथापि एवढ्यावरून आव्हानपक्षानें विजयाची आरोळी ठोकूं नये. अडचण सदासर्वकाळ सारखीच राहिली तर काय होतें, याचाहि दाखला आहे. २००६ सालीं 'ऑब्लिव्हियन' हा विस्तीर्ण साहसाचा खेळ आला. त्यांत अशी योजना होती कीं, खेळणाऱ्याचें बळ वाढलें कीं त्याबरोबर शत्रूंचेंहि बळ वाढावें. हेतु चांगला होता. सामना सदैव बरोबरीचा राहावा. परिणाम मात्र असा झाला कीं, आठवडेच्या आठवडे खपून जो वीर नांवारूपास आला, त्यास आडरस्त्यावरचा भुरटा लुटारूहि राजेरजवाड्यांस शोभणारें चिलखत घालून तितक्याच जोरानें भिडूं लागला. यावर पुष्कळ खेळाडूंनीं तक्रार केली, आणि ती रास्त होती. जो जोर-बैठका काढून घाम गाळतो, त्यास कालचें ओझें आज हलकें वाटलें पाहिजे. तें जर रोज तितकेंच जड राहिलें तर तालमींत जावें कोणी?

शिवाय बरोबरीचा सामना आपणांस खरोखर किती मानवतो, हेंहि पाहण्यासारखें आहे. सिड मायर हे 'सिव्हिलायझेशन' या प्रसिद्ध खेळाचे जनक. २०१० सालच्या आपल्या एका व्याख्यानांत त्यांनीं सांगितलें कीं, तीनास एक असें अनुकूल प्रमाण असतांना एखादी लढाई हरली तर खेळाडू यंत्रावर अन्यायाचा आरोप करीत. वास्तविक गणितानें चार खेपांत एकदां हार व्हावयाचीच. पण तेच प्रमाण उलटें असून विजय मिळाला तर कोणाची तक्रार येत नसे. तो आपला पराक्रमच! अखेर रचनाकारांनीं हिशेब खेळणाऱ्याच्या बाजूस थोडा झुकविला. यावरून असें दिसतें कीं, आव्हान हवें असें म्हणणाऱ्यांपैकीं पुष्कळांस झुंजीचा देखावा हवा असतो, आणि जय मात्र आपल्याच खिशांत असावा असें वाटतें. आम्हीहि त्यांतलेच आहों, हें कबूल केलेलें बरें.

मग गोडी आहे ती कोठें? आमच्या मतें ती शक्तींतहि नाहीं व अडचणींतहि नाहीं. एकींतून दुसरीकडे जाणाऱ्या वाटेवर ती आहे. 'पॅक-मॅन'मधील तीं ६ सेकंदें आतां पुन्हां आठवावीं. तीं गोड लागतात, कारण त्यापूर्वीं आपण जीव मुठींत धरून पळालेले असतों आणि त्यानंतर पुन्हां पळावयाचें आहे हें ठाऊक असतें. २००४ सालच्या 'हाफ-लाइफ २'मध्यें शेवटच्या किल्ल्यांत शिरतांना नायकाचीं सर्व शस्त्रें नष्ट होतात. वस्तु उचलून फेंकणारें एक हत्यार तेवढें उरतें, आणि तेंच अकस्मात् इतकें प्रबळ होतें कीं, ज्या शिपायांनीं आजवर सळो कीं पळो करून सोडलें त्यांनाच उचलून भिरकावतां येतें. खेळ येथें फार सोपा होतो. तरी हाच भाग लोक आवडीनें आठवतात, कारण त्या शिपायांशीं जुना हिशेब राहिलेला असतो. तोच किल्ला पहिल्या पानावर असता तर त्याची कोणी आठवण ठेविली नसती. 'व्हँपायर सर्व्हायव्हर्स'चेंहि मर्म असेंच आहे. आरंभीं हातांत फुसकें शस्त्र असतें आणि चारदोन वटवाघुळेंहि भारी वाटतात. सामर्थ्य नंतर येतें. आणि बरोबर ३० मिनिटें झालीं कीं साक्षात् मृत्यु येऊन त्या सर्वशक्तिमान वीरास एका तडाख्यांत आडवा करतो! ज्या खेळानें शक्तीचा एवढा सोहळा मांडला, त्यासहि शेवटीं काळाची घंटा वाजवावी लागली.

'एल्डन रिंग'मध्यें हा व्यवहार अधिक मोकळा आहे. खेळाच्या तोंडाशींच घोड्यावर बसलेला, सोनेरी चिलखताचा एक योद्धा रस्ता अडवून असतो. नवखा त्याजकडे गेला कीं क्षणांत गारद होतो. परंतु त्यास टाळून जाण्यास मुभा आहे. रानावनांत हिंडावें, बळ कमवावें, स्वतःचा घोडा मिळवावा आणि मग एके दिवशीं परत येऊन त्याच योद्ध्यास गांठावें. त्या दिवशीं आपण त्याच्याहून वरचढ असलों तरी कोणास कमीपणा वाटत नाहीं. वरचढ होऊन परत येणें हाच त्या जागेचा आनंद. आपल्या पुराणांस हें मर्म चांगलें ठाऊक होतें. मारुतीस स्वतःच्या बळाचा विसर पडतो आणि समुद्रकिनाऱ्यावर, सर्व वानर हताश होऊन बसले असतां, जांबवंत त्यास त्याची आठवण करून देतो. ती उड्डाणाची कथा आम्ही लहानपणीं पुन्हांपुन्हां सांगावयास लावीत असूं. तसेंच कर्णाचें. अंगावर कवचकुंडलें असलेल्या कर्णापेक्षां तीं उतरवून देणारा कर्णच लोकांच्या मनांत घर करून राहिला आहे.

येथवर आमचा निवाडा आव्हानपक्षाकडे झुकलेला वाचकांस दिसला असेल. आतां त्या पक्षाचा एक दोष सांगणें आमचें कर्तव्य आहे, आणि तो सांगतांना आम्हांस खालीं पाहावें लागतें, कारण तो आमच्याच हातून घडला आहे. कठिण खेळ खेळणारांस एक प्रकारचा ताठा चढतो. 'सोप्या पायरीवर खेळणारा तो खेळाडूच नव्हे,' असें ते बोलतात. २०१९ सालीं 'सेकिरो' हा कठिण खेळ निघाला तेव्हां त्यांत सोपी पायरी असावी कीं नसावी यावरून मोठा कलह झाला होता. आम्हीहि त्या वेळच्या ताठर पक्षाचेच वारस.

आमच्या वर्गांतील एक मित्र गेल्या पावसाळ्यांत सायकलवरून पडला. उजवा हात व पाय दोन्ही मोडले आणि कित्येक आठवडे तो अंथरुणावर होता. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां तो 'सेलेस्ट' हा खेळ खेळत होता. २०१८ सालचा हा खेळ एका मुलीच्या पर्वतारोहणाचा आहे आणि तो चांगलाच अवघड आहे. पण रचनाकारांनीं त्यांत एक मदतीची सोय ठेविली आहे. तीनुसार खेळाची गति कमी करतां येते, दम न संपेल असें करतां येतें, इतकेंच काय पण अवध्यहि होतां येतें. मित्र उशीला टेकून एका डाव्या हातानें, गति मंद करून, चढत होता. आम्हीं तें पाहिलें आणि हंसत म्हणालों, "असें तर कोणीहि चढेल!" तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें खेळ बंद केला आणि शाळेची विचारपूस सुरू केली. आम्हांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

पुढें पुष्कळ दिवसांनीं त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळलें कीं, त्या खेळांत गति शेंकडा ५० पासून १०० पर्यंत ठरवितां येते, आणि त्यानें ५० पासून प्रारंभ करून, जसजशीं बोटें वळूं लागलीं तसतसे दहा दहा वाढवीत नेले होते. प्लॅस्टर निघाल्यावर उजव्या हातास व्यायाम म्हणूनहि तो तोच खेळ खेळला. आम्ही गेलों त्या दिवशीं तो ६० वर होता. आम्ही घरीं १०० वर खेळत होतों आणि स्वतःस शूर समजत होतों. खरें पाहतां त्या खोलींत पर्वत चढणारा एकच होता, आणि तो आम्ही नव्हतों.

त्यावरून आम्ही एक गोष्ट शिकलों. आव्हान म्हणून कांहीं सर्वांस सारखें माप नाहीं. कुस्तीच्या फडांत जोड लावतात ती उगाच नव्हे. दहा वर्षांच्या पोरास हिंदकेसरीपुढें उभें केलें तर ती कुस्ती होत नाहीं, आणि हिंदकेसरीस पोर चीत करून फेटा बांधून घेतां येत नाहीं. वस्तादास मात्र ठाऊक असतें कीं नव्या पोराच्या पटास कधीं कधीं मुद्दाम पडावें. त्या पडण्यानें पोराच्या अंगांत उद्यांचें बळ येतें. एखाद्यास सोपी पायरी हवी असेल तर ती कां हवी हें त्याचें त्यास ठाऊक. दिवसभर हरून आलेल्या माणसास सायंकाळीं अर्धा तास रणगाड्यांत बसावेंसें वाटलें, तर आम्ही त्यास नांवें ठेवणार नाहीं. फक्त इतकेंच सांगूं कीं, रणगाडा गांवभर फिरून झाला कीं त्यांतून खालीं उतरावें. रस्ता पायींच ओळखीचा होतो.

एका ठिकाणीं मात्र आमचा निवाडा कठोर आहे. एकट्यानें खेळतांना अजिंक्य व्हावयाचें तें खुशाल व्हावें; पण समोर दुसरा माणूस असतां जो लपून भिंतीआड पाहण्याची युक्ति वापरतो, किंवा आपोआप नेम साधणारी खटपट करतो, त्याची मौज चोरीची होय. त्याच्या प्रत्येक विजयाची किंमत कोणी तरी अनोळखी मुलगा आपल्या सायंकाळीनें भरत असतो. वडिलांच्या पैशांनीं तलवारी विकत घेऊन गरिबाच्या पोरास हरविणें हेंहि त्याच जातीचें. उलट, कित्येक झुंजीच्या खेळांत नवशिक्यापुढें माणसांऐवजीं यंत्रानें चालणारे दुबळे गडी सोडतात व त्यास आपण मोठे नेमबाज झालों असें वाटूं लागतें. आजोळच्या लिंबूटिंबूस निदान आपण लिंबूटिंबू आहों हें सांगितलेलें तरी असतें. न सांगतां दिलेला विजय ही एक प्रकारची थट्टाच आहे.

तर मग निवाडा असा. घटकाभराची करमणूक हवी असेल तर अजिंक्यपणा बरा. महिनोन्महिने लक्षांत राहील असा आनंद हवा असेल तर झुंज बरी. आणि सर्वांत मोठी मौज झुंजीच्या अखेरीस, आपल्या कष्टानें आलेल्या त्या थोड्या वेळाच्या अजिंक्यपणांत आहे. प्रत्येकाची झुंज मात्र त्याच्या मापाची असावी, आणि तें माप दुसऱ्यानें दुरून हंसत ठरवूं नये.

असो. दिवाळींत ज्या मंडळींत हा वाद झाला तींत आमचा तो मित्रहि होता. दोन्ही पक्ष तावातावानें बोलत असतां तो चकलीचे तुकडे उजव्या हातानें करीत स्वस्थ ऐकत होता, आणि त्यानें कोणताच पक्ष घेतला नाहीं. आम्हीं त्यास त्या वेळीं विचारावयास हवें होतें, विचारलें नाहीं. हा लेख छापून आल्यावर पहिली प्रत आम्ही त्याच्याच हातीं देणार आहों, आणि जें त्या पावसाळ्यांत म्हणावयास हवें होतें तें आतां तरी म्हणणार आहों.